प्रवेश केल्या केल्या मांडव हसतो, त्याचं काय करायचं? (दिलीप प्रभावळकरांच्या निमित्ताने)

पोफळीच्या बागेतून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय दिलीप प्रभावळकरांचा आहे, पण सुरुवात माझ्या गावच्या नाटकापासून करतो, कारण प्रश्न तिथेच पडला.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्या देवळाच्या जत्रेला दर वर्षी नाटक होतं आणि गेली २६ वर्षं त्यात विनोदी पात्र माझ्याकडे असतं. यंदा दिग्दर्शकांनी मला पहिल्यांदाच गंभीर भूमिका दिली. तरणाताठा मुलगा होडीवरून परत आला नाही, असा बाप. तीन महिने तालमी केल्या. मी रात्री बागेत जाऊन एकटा वाक्यं म्हणायचो. प्रयोगाच्या रात्री पहिल्या प्रवेशाला दारातून आत आलो, हातातला कंदील खाली ठेवला, तोंडातून अजून शब्द फुटला नव्हता आणि मांडव हसला. मागे खाजेवाल्याच्या दुकानापाशी उभी असलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. तिसऱ्या अंकात सगळे गप्प बसले होते, काही बायका डोळे पुसत होत्या, हे खरं. पण ते पहिलं हसू माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

त्या रात्री घरी आल्यावर झोप येईना आणि प्रभावळकर आठवत राहिले. म्हटलं, या माणसाचं असं का झालं नाही?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ लागायचं तेव्हा मी गिरगावात मामाकडे शिकायला होतो. चाळीत एका बिऱ्हाडात टीव्ही होता आणि मालिकेच्या वेळी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. चिं. वि. जोशींचे चिमणराव लोकांनी आधी पुस्तकात वाचलेले होते. प्रत्येकाच्या डोक्यात आपापला चिमणराव होता. तरी प्रभावळकरांनी पडद्यावर पाऊल ठेवल्यावर बाकीचे सगळे चिमणराव पुसले गेले. तो भिडस्त, पापभीरू, बायकोपुढे शहाणपणा करणारा आणि जरा संकट आलं की गुंड्याभाऊच्या सोट्याआड जाणारा माणूस. त्यांना पाहिलं की लोक आधी हसायचे, ऐकायचे मागाहून. म्हणजे माझ्यासारखंच, फक्त माझा मांडव पाचशे माणसांचा आणि त्यांचा अख्ख्या महाराष्ट्राएवढा.

अशा नटाचं पुढे काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. जन्मभर तीच टोपी, तोच आवाज, उद्घाटनांना तेच वाक्य म्हणून दाखवायचं. प्रभावळकरांच्या वाट्याला मात्र १९९१ साली ‘चौकट राजा’तला नंदू आला. १९९३ साली ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आला, ज्याच्या आवाजाला आमच्या घरातली मुलं घाबरून पांघरुणात शिरायची. बाहुला रामदास पाध्यांचा, पण आत जीव भरला तो प्रभावळकरांनी. आणि २००२ साली ‘एन्काउंटर’ या हिंदी चित्रपटात ते पुनप्पा नावाचा गुंडांचा म्होरक्या झाले.

या शेवटच्या सालावर मी अडखळलो. २००२ म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ऐन भरात होती तो काळ! घराघरांत दर आठवड्याला ते आबा होते. नातवाच्या बरोबरीने खोड्या काढणारे, सुनेची बाजू घेणारे, पेन्शनीतले आबा. त्याच वर्षी तोच माणूस तिकडे थंड डोळ्यांनी माणसं मारायची सुपारी देतो, आणि पाहणाऱ्याला आबा आठवत नाहीत. हे कसं जमतं?

टिपऱ्यांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण मला ती मालिका फार जवळची आहे. घरात पाच माणसं: आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका. कथानक म्हणावं तर काही नाही. कुणाला तरी बढती मिळत नाही, कुणाचा तरी वाढदिवस विसरला जातो, शिऱ्या नवीन धंद्याचं खूळ घेऊन येतो. सासू-सुनांचं कारस्थान नाही, तीनदा वळून बघणारा कॅमेरा नाही. शेवटी घरातलं एक माणूस डायरी लिहायला बसतं आणि दिवसभरात जे झालं ते त्याच्या बाजूने आपल्याला कळतं. दिवसा जे भांडण वाटलं होतं ते रात्री डायरीत वेगळंच निघतं. मूळ कल्पना प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकातली. म्हणजे आबाच नव्हेत, शिऱ्या, श्यामला, शलाका हे सगळे त्यांच्याच लेखणीतून उतरलेले. केदार शिंदेंनी ते पडद्यावर आणलं, राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक यांनी त्यात प्राण ओतले, पण मुळात ही सगळी माणसं एका माणसाने आधी कान देऊन ऐकलेली आहेत. मला वाटतं उत्तराचा धागा इथे कुठेतरी आहे. पण मला तो नीट पकडता येत नाहीये.

तुमच्यापैकी बरेच जण नाटकं बसवतात, कला अकादमीच्या स्पर्धेत उतरतात, दहीकाले (देवळातले रात्रभराचे दशावतारी खेळ) जागवतात. म्हणून विचारतो. लोकांच्या मनातून स्वतःला पुसायचं कसं?

---

मांडवीकाठ

दादा, वाचून गलबलून आलं. मी पणजीत शाळेत शिकवते आणि दर वर्षी मुलांचं नाटक बसवते. तुमच्या मांडणीत एक गोष्ट उलटी झाली आहे असं मला वाटतं. तुम्ही चिमणरावांपासून मोजायला सुरुवात केलीत. प्रभावळकर त्याच्या कितीतरी आधीपासून रंगमंचावर होते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण मूळ प्रयोगात त्यांनी केली होती. आजच्या मुलांना ती वैभव मांगल्यांची म्हणून ठाऊक आहे, पण पहिली चेटकीण प्रभावळकरांची. आणि मतकरींच्याच ‘आरण्यक’मध्ये ते विदुर होते. युद्ध संपल्यावर वनात गेलेले धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि त्यांच्यासोबत विदुर. तिशीतल्या माणसाने रंगवलेला थकलेला, सगळं आधीच कळून चुकलेला विदुर.

म्हणजे चिमणराव व्हायच्या आधीच ते बाई झाले होते, चेटकीण झाले होते, महाभारतातला म्हातारा झाले होते. विनोदी नट ही पाटी लोकांनी लावली, त्यांनी स्वतःच्या दारावर ती कधीच लावली नव्हती. आणखी एक. २०१८ साली ‘आरण्यक’ पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा विदुर पुन्हा तेच होते. चाळीसहून अधिक वर्षांनी! आता रंगवायला लागणारं वय अंगावर चढलेलं होतं.

मुलांना मी ‘बोक्या सातबंडे’ वाचून दाखवते. बोक्या आधी आकाशवाणीवर आला, मग पुस्तकांत, मग चित्रपटात. त्यातली भाषा दहा वर्षांच्या मुलाची आहे, मोठ्या माणसाने मुलासारखं बोलायचा प्रयत्न केलेली नाही. जो माणूस कागदावर आबा आणि बोक्या दोघांचा आवाज वेगवेगळा लिहू शकतो, तो रंगमंचावर आवाज बदलतो यात मला नवल वाटत नाही. त्याने ऐकलेलं असतं.

---

पार्ल्याहून गोंयकार

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. एक लहानशी भर: टिपरे सुरू झाली तेव्हा वाहिनीचं नाव अल्फा मराठी होतं, झी मराठी नंतर झालं. नव्या वाचकांसाठी सांगितलं.

गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे आमच्या पार्ल्याचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. ते मुंबई महापालिकेत नोकरीला होते. प्रभावळकर जीवरसायनशास्त्र शिकलेले, औषध कंपनीत काम केलेले. दोघेही दिवसा कामाला जाऊन संध्याकाळी तोंडाला रंग लावणारे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण धागाकर्त्यांनी आपल्या आणि त्यांच्या मांडवात फार मोठं अंतर पाडलंय. सुरुवात तुमच्यासारखीच होती. रजा टाकून, मस्टरवर सही करून, धावत तालमीला.

मी ‘हसवाफसवी’ दादरला शिवाजी मंदिरात पाहिलं आहे. नाटक त्यांनीच लिहिलेलं आणि सहा भूमिका त्यांच्याच. एक पात्र आत जातं आणि थोड्या वेळात दुसरं बाहेर येतं. पहिल्या दोन-तीन वेळा प्रेक्षक वेशभूषेच्या चपळाईला टाळ्या देतात. मग हळूहळू टाळ्या थांबतात, कारण माणूस बदललाय हे विसरायलाच होतं. आणि सगळ्यात शेवटी कृष्णराव हेरंबकर येतात, संगीत नाटकाच्या जमान्यातले वृद्ध गायक नट. थरथरता आवाज, मान किंचित हलतेय, बोलता बोलता श्वास अडकतो, आणि मधेच एखादी जागा गळ्यातून अशी येते की वाटतं हा माणूस तरुणपणी काय गात असेल!

माझ्या शेजारी माझे वडील बसले होते. ते मूळचे मंगेशीकडचे, लहानपणी रात्र रात्र संगीत नाटकं ऐकलेले. दोन तास हसत होते. कृष्णराव आले तसे खुर्चीत सरळ बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, “हांव ह्या मनशाक वळखतां.” असा कुणी कृष्णराव नव्हताच. पण गोव्यातल्या प्रत्येक गावात एक होता.

मला जे उत्तर दिसतं ते असं. ‘हसवाफसवी’त त्यांनी लोकांचं हसू अडवलं नाही. आधी पोटभर हसू दिलं आणि त्याच हसऱ्या माणसांसमोर कृष्णराव आणून बसवले. तुमच्या नाटकात पहिल्याच प्रवेशाला तुम्ही लोकांकडून रडू मागितलंत. त्यांनी ते शेवटी मागितलं.

---

बार्देसकार

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

टिपरे मलाही आवडायची, पण ती मुंबईच्या मध्यमवर्गीय फ्लॅटची गोष्ट होती. आबा कधी चुकतच नाहीत. घरात कुणी खरंच वाईट वागत नाही. पंधरा-वीस भाग पाहिल्यावर मला ते सगळं जरा जास्तच गोड वाटायला लागलं होतं. ‘साळसूद’ मालिकेत हेच प्रभावळकर खलनायक होते. टिपऱ्यांच्या घरात त्याच्या पावपट जरी कडूपणा असता तर मालिका मोठी झाली असती.

दुसरं म्हणजे तुलनाच बरोबर नाही. प्रभावळकरांचा प्रेक्षक त्यांना फक्त पडद्यावर नाहीतर तिकीट काढून पाहतो. जत्रेतला प्रेक्षक तुम्हाला सकाळी बाजारात बांगडे घेताना पाहतो, बँकेच्या रांगेत पाहतो, चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना पाहतो. तो तुमच्या भूमिकेला हसलाच नाही. ‘अरे, हो आमचो!’ (हा तर आपलाच!) म्हणून हसला. ते प्रेमाचं हसू आहे. त्याला पुसायचं कशाला? पुसलंत तर त्या जागी काय उरेल?

---

पोफळीच्या बागेतून

बार्देसकार, राग कसला. तुमचं दुसरं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. ते हसू प्रेमाचं होतं हे मला पटतं. पण त्या नाटकातला बाप त्या प्रेमाखाली चिरडला गेला. लोकांना मी दिसलो, बाप दिसला नाही. ज्याचा मुलगा समुद्राने नेला तो माणूस आमच्या गावातही आहे. तो त्या रात्री मांडवात बसलेला होता. मांडव हसला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहवलंच नाही. मला त्याच्यासाठी ती भूमिका नीट करायची होती.

टिपऱ्यांच्या गोडपणाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आबा चुकतात. चुकतात म्हणून तर डायरीत कबूल करतात. दिवसा मुलाशी जे बोलता आलं नाही ते रात्री वहीत लिहितात आणि मुलगा ते कधीच वाचत नाही. माझे वडील गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या सापडल्या. नारळ किती पाडले, सुपारी कितीला गेली, आणि मधेच एका ओळीत माझं नाव आणि ‘आज बरं काम केलं’ असं. तोंडावर त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. म्हणून मला टिपरे गोड वाटत नाही.

पार्ल्याहून गोंयकार, तुमच्या वडिलांचं वाक्य मी आमच्या दिग्दर्शकांना वाचून दाखवलं.

---

पातोळी

मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून मतिमंद आहे. आता चाळिशीचा आहे. ‘चौकट राजा’ आम्ही सगळ्यांनी घरी एकत्र पाहिला होता. नंदू लहानपणी पडतो, मेंदूला इजा होते आणि मग शरीर वाढतं पण मन तिथेच राहतं. माझ्या आईने त्या दिवसापर्यंत कुठल्याही सिनेमात असं मूल धडपणे दाखवलेलं पाहिलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी ती हसायची सोय असते, नाहीतर दया करायची. नंदूकडे पाहून आईला दोन्ही वाटलं नाही. ती म्हणाली, “हा आपल्या बाबूसारखा हट्टी आहे.” हट्टी! कुणा परक्याला माझ्या भावाचा हट्ट दिसला होता याचं तिला केवढं समाधान वाटलं, ते मला आज कळतं.

जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त प्रभावळकर अशाच मुलाचे वडील झाले होते, मुलगा अतुल परचुरे. एका ठिकाणी ते बाप आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी तो मुलगा. दोन्ही बाजूंनी त्या घरात राहून आलेला दुसरा नट मला आठवत नाही. चिमणराव म्हणून ओळखलेल्या माणसाला नंदू म्हणून पाहताना कुणी हसेल अशी भीती त्यांना वाटली असेल का, हा विचार तुमचा धागा वाचून पहिल्यांदाच मनात आला. आमच्या घरात तरी कुणी हसलं नव्हतं.

हरवलेल्या मुलाचा बाप असो की माझ्या भावासारख्याचा, दादा, तुम्ही तो करा. पुन्हा करा.

---

डिचोलीकार

पातोळीताई, तुमचा प्रतिसाद वाचून पुढे काही लिहिणं अवघड झालं.

मी फक्त ‘नारबाची वाडी’ (२०१३) चं नाव घालतो. मूळ नाटक मनोज मित्रांचं बंगाली, ते कोकणात आणून रुजवलं. वाडीवर डोळा ठेवणारा खोत म्हाताऱ्या नारबाला महिन्याला पैसे द्यायचं कबूल करतो, अट एवढीच की नारबा गेल्यावर वाडी खोताची. आणि नारबा काही जात नाही! त्यातली मालवणी आम्हा डिचोली-पेडण्याकडच्यांना परकी नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाच्या तोंडी ती अशी बसलीय की माझी आजी म्हणाली, हा सावंतवाडीकडचाच कुणीतरी. झाडांशी बोलणारा म्हातारा आमच्याकडे खाणीच्या धुळीत हळूहळू नाहीसा झाला. म्हणून मला तो चित्रपट विनोदी म्हणून कधी पाहताच आला नाही.

---

मांडवीकाठ

गांधींचा उल्लेख अजून कुणीच केला नाही! ‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ चा. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठी असा मिळून मिळाला. माझे विद्यार्थी ‘तात्या विंचू आणि गांधीजी एकच माणूस’ हे ऐकून विश्वासच ठेवत नाहीत, मला दर वर्षी फोटो दाखवावे लागतात.

त्या गांधींचं मला काय भावलं सांगू? ते मुन्नाला उपदेश करत नाहीत, त्याच्या शेजारी बसतात. पुतळ्यातल्या, नोटेवरच्या माणसाला त्यांनी घरातल्या आजोबांच्या जवळ आणलं. त्या हळू बोलण्यात मला आबा टिपरे सापडतात. म्हणजे ते जुनी भूमिका पुसत नसावेत. तिच्यातलं जे कामाचं असेल तेवढं बरोबर नेतात.

---

तेरेखोल

पेडण्याहून बोलतोय. आमच्या आजोबांपासून घरात दहीकाल्याचं वेड आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद लांबेल.

२०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ चित्रपट आला, सुबोध खानोलकरांचा. प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री, दशावतारी नट. त्यांचं वय तेव्हा ८१. जन्म १९४४ चा, ४ ऑगस्ट. मी आमच्या गावच्या दोन जुन्या दशावतारी नटांना घेऊन पाहायला गेलो होतो. एकाने आयुष्यभर स्त्री-पार्टी केली आहे, दुसरा राजपार्टीचा, म्हणजे राजाची कामं करणारा. मला धाकधूक होती, कारण शहरातल्या लोकांनी आमच्या कलेला हात लावला की बऱ्याचदा नुसता भडक रंग उरतो. दोघेही मध्यंतरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग स्त्री-पार्टीवाले बाबा म्हणाले, रंग लावताना तो आरशात स्वतःला बघत नाही, येणाऱ्याला बघतो. बस, एवढंच.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. दहीकाला पाहिलेल्यांना ठाऊक आहे, आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि मग काळ्या कपड्यांतला संकासूर. संकासूर आला की मांडव हसणारच, पोरं त्याच्यामागे धावणारच. त्यानंतर उत्तररात्री आख्यान, म्हणजे मुख्य कथा. आमच्याकडे लहान नाटकमंडळी येते तेव्हा माणसं कमी असतात, एकेकाला दोन-दोन कामं करावी लागतात. मी लहानपणी पाहिलंय, बारा वाजता संकासूर होऊन लोकांना लोळवणारा नट तीन वाजता आख्यानात मुलाला वनात धाडणारा राजा होऊन उभा राहायचा आणि त्याच मांडवात कुणाच्या तोंडावर हसू नसायचं. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचलेले, साथीला पेटी, पखवाज आणि झांज. त्याच रात्री, तेच लोक!

मी त्या नटांना एकदा विचारलं होतं, कसं करता? ते म्हणाले, राजा म्हणून मी एकदम लोकांसमोर जात नाही. आधी आतून आवाज देतो. लोक आवाजाला ऐकतात, त्यांच्या मनात राजा उभा राहतो, मग मी त्या राजाच्या जागेवर जाऊन उभा राहतो. आणि पहिलं वाक्य लोकांकडे तोंड करून कधीच म्हणायचं नाही, समोरच्या पात्राकडे बघून म्हणायचं. लोकांशी बोलतो तो संकासूर, राजा राणीशी बोलतो.

दादा, तुम्ही २६ वर्षं लोकांशी बोलत आलात. विनोदी पात्राला ते करावंच लागतं, टाळी तिथूनच येते. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा तुमची नजर कुठे होती? आठवून पाहा.

---

पोफळीच्या बागेतून

तेरेखोल, मी प्रयोगाचं चित्रीकरण काढून पाहिलं. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं होतं. दारातून आत येताच मी मांडवाकडे पाहिलं आहे. अर्धा क्षणच, पण पाहिलं आहे. इतक्या वर्षांची सवय. लोक आहेत ना, हे डोळ्यांनी चाचपून घेतो मी. लोकांनी त्या नजरेला उत्तर दिलं. त्यांची काही चूक नव्हती.

मग मी पुन्हा टिपऱ्यांचे काही भाग लावून बसलो, या वेळी फक्त आबांच्या डोळ्यांकडे पाहत. ते कधी शिऱ्याकडे बघतात, कधी वर्तमानपत्राकडे, कधी सुनेच्या हातातल्या चहाच्या कपाकडे. प्रेक्षकाला काही विचारत नाहीत. विनोद होऊन जातो आणि त्यांना तो झाल्याचं ठाऊकच नसतं. आणि चिमणराव डोळ्यांपुढे आणले, तेही तसेच. चिमणराव लोकांना हसवायला निघालेले नसतात, स्वतःची अब्रू वाचवायला निघालेले असतात. मी इतकी वर्षं उलटं धरून बसलो होतो. मला वाटायचं चिमणराव-आबा हा त्यांचा विनोद, आणि नंदू, पुनप्पा, कृष्णराव हा त्यांचा वेगळा अभिनय. काम एकच होतं.

आमचे दिग्दर्शक तयार आहेत. पुढल्या जत्रेला नवीन नाटक न घेता हेच पुन्हा करायचं ठरतंय. गावात एकच नाटक लागोपाठ दोन वर्षं कधी झालेलं नाही, समितीत थोडी कुरबुर आहे, पण होईल. पहिला प्रवेश बदलतोय. बाप आधी आतूनच हाक मारेल, मुलाच्या नावाने. बाहेर सून धान्य पाखडत बसलेली असेल, तिने मान वर करायची नाही. मग मी येईन, आणि कंदील तिच्यापाशी ठेवीन.

तेरेखोल, तुमच्याकडच्या जत्रेला यायचं आहे. मला ते आडदशावतार ते आख्यान एका बैठकीत पाहायचंय. कधी येऊ?

---

तेरेखोल

या की! तारीख देवळाच्या पंचांकडून पक्की झाली की इथेच टाकतो. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे रोज कुठे ना कुठे काला असतो. रात्री दहाच्या आत पोचा, जेवण आमच्याकडेच. मंडळी देवळात रंग लावायला बसते तेव्हा मी तुम्हाला आत नेतो, पेटाऱ्याजवळ बसायला देतात, फक्त चपला बाहेर काढायच्या आणि मधे बोलायचं नाही. गोधडी घेऊन या, पहाटे दव पडतं.

---

पातोळी

मीही येते, भावाला घेऊन. त्याला संकासूर फार आवडतो. पेडण्याला आमची मावशी असते, राहायची अडचण नाही.

---

मांडवीकाठ

माझ्यासाठीही जागा ठेवा, शाळेतली तीन मुलं बरोबर असतील. आणि दादा, तुमच्या प्रयोगाची तारीख ठरली की तीही इथेच लिहा.